एकोलेंचं झुडूप

ऑक्टोबर आला की मला राग येतो. हे इथं उघड बोलायची सोय नाही, कारण ऑक्टोबर हा या गावाचा लाडका महिना. नेपरव्हिलच्या रस्त्यांवर मेपल लाल होतात, ओक तांबूस होतात आणि आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी शनिवारी गाड्या काढून पानं बघायला जातात. "काकू, तुम्ही पण चला ना, कलर्स अगदी पीकवर आहेत," असं गेल्या आठवड्यात शेजारची मृणाल म्हणाली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत आहे. पण वाळक्या पानांचा वास नाकात गेला की मी चाळीस वर्षांपूर्वीच्या एका तळघरात जाऊन उभी राहते, आणि तिथून परतते ती तोंड वाकडं करूनच.

वयाबरोबर राग निवतो असं सगळे सांगतात. माझा निवला नाही. रक्तदाबाची गोळी घेते, ध्यानाच्या वर्गाला एकदा जाऊन आले, तिथल्या बाईंनी डोळे मिटून एखादी शांत जागा आठवायला सांगितली. मला राधानगरीचं जंगल आठवलं, आणि जंगल आठवलं की पुढचं सगळं आलंच.

ते तळघर शिकागोतल्या एका संस्थेचं होतं. लग्नानंतर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापूरहून इथं आले. माने, म्हणजे माझे यजमान (मी त्यांना मानेच म्हणते, त्यांनाही आता सवय झालीय), एका प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. होती, पहिल्या वर्गाची, आणि ती इथं कुणाला दाखवायची ते कळत नव्हतं. मुलगी नर्सरीत जायला लागल्यावर मी सात ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून बोलावणं आलं. काम होतं वाळवलेल्या फांद्या जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, तासावर पगार. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालयच असतं. हिरवी लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कपाटांत जगभरची जंगलं चपटी होऊन झोपलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण माहेरी आलो.

मी सकाळच्या गाडीनं शहरात जायची आणि दिवसभर चिकटवायची. पानाला डिंक, जाड फांदीला सुईदोऱ्याचे टाके, गळून पडलेल्या फुलांसाठी कोपऱ्यात कागदाची छोटी पुडी. आफ्रिकेतून यायच्या त्या फांद्या तिथल्याच वर्तमानपत्रांच्या घडीत दाबलेल्या असायच्या. घडी उघडली की आधी फुटबॉलचा निकाल, साबणाची जाहिरात, कुणा मंत्र्यानं कापलेली फीत, आणि त्यावर जंगल. माझ्याआधी तिथं काम करणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, फांदी उचलायची आणि पेपर बादलीत टाकायचा. पेपरचं काम संपलेलं असतं.

त्या पेपरच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. बारीक, सरळ, शाळामास्तरी अक्षर. मी ते वाचायला लागले, कारण दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. कॅमेरूनहून आलेल्या एका गठ्ठ्यातल्या पेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं, "झुडूप, माझ्या छातीइतकं उंच. फूल पांढरं, खोडाला खाली चिकटून, संध्याकाळी वास येतो. आमच्या बायका याच्या काड्यांचा अंगण झाडायचा खराटा करतात." पुढे त्यांच्या भाषेतलं झुडपाचं नाव, आणि शेवटी "जे. एकोले". ऑफिसातून टाइप होऊन आलेल्या लेबलवर यातलं उंची आणि पांढरं फूल एवढंच उतरलं होतं. खराटा गाळला होता. नाव गाळलं होतं. "संग्राहक" या शब्दापुढे डॉ. हॅलोरन असं छापलं होतं. ते आमच्या विभागाचे प्रमुख.

मी फांदी उचलली आणि पेपर बादलीत टाकला नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा खराट्यामुळे.

मग फांदीकडे नीट पाहिलं. अनंताची फांदी तुम्ही पाहिली असेल. समोरासमोरच्या दोन पानांच्या मधे, देठांच्या बेचक्यात, एक चिमुकलं टोकदार पान असतं. आम्ही त्याला उपपर्ण म्हणतो, त्या सबंध कुळाची ती खूण. हे झुडूपही अनंताच्याच कुळातलं, पण याचं उपपर्ण केस विंचरायच्या फणीसारखं होतं. बारीक दाते, ओळीनं, आणि प्रत्येक दात्याच्या टोकाला सुकलेल्या डिंकाचा लालसर ठिपका. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढचे चार महिने जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या ऐवजी मी कपाटं उघडत राहिले. आफ्रिकेतलं त्या कुळाचं जे जे काही होतं ते काढून बघितलं, पुस्तकं चाळली. फणी कुठंच नव्हती.

डॉ. हॅलोरन यांना दाखवलं तेव्हा त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "वेल, सू," ते म्हणाले, "यू हॅव अॅन आय." माझं नाव सुनंदा. पण ते रागावण्यासारखं तेव्हा वाटलं नाही, कारण माणूस चांगला होता. मला या गोष्टीचाच सगळ्यात जास्त राग आहे की तो माणूस चांगला होता. कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घालायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत, माझ्या मुलीचा वाढदिवस लक्षात ठेवून तिला रंगपेटी दिली होती. दुष्ट माणसाशी भांडायला माणसाला बळ मिळतं. मऊ बोलणाऱ्याशी भांडताना आपणच आडदांड वाटायला लागतो.

नवीन जात म्हणून जाहीर करायची तर पुरावा पूर्ण हवा. या कुळातल्या काही झाडांना दोन तऱ्हेची फुलं येतात. एका झाडावरच्या फुलात मधली दांडी लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्या झाडावर नेमकं उलट. आमच्याकडे एकाच तऱ्हेचं फूल होतं. "जोसेफला लिही," हॅलोरन म्हणाले. "ही नोज एव्हरी बुश." पत्ता एका मिशन हॉस्पिटलचा होता.

अशी माझी आणि मिस्टर एकोले यांची ओळख झाली. हॅलोरन त्यांना जोसेफ म्हणायचे, मला ते कधी जमलं नाही. ते वनखात्यातले निवृत्त गार्ड होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. पत्राला पाच-सहा आठवडे लागायचे. पहिल्याच पत्रात त्यांनी विचारलं, "मॅडमच्या देशात जंगल आहे का?" मी राधानगरीबद्दल दोन पानं लिहिली, करवंदाच्या जाळ्या, गवे, पावसाळ्यातल्या जळवा. त्यांनी उलट लिहिलं की जळवांच्या बाबतीत आपण शेजारी आहोत.

दुसऱ्या फुलासाठी ते गेले तेव्हा त्यांच्या ओळखीची जागा उरली नव्हती. लाकूड कंपनीचा रस्ता आला होता. त्यांनी लिहिलं होतं की रस्ता लाल आहे आणि इतका रुंद की पलीकडचा पक्षी अलीकडे येत नाही. मग ते दोन दिवस चालून नदीपलीकडे गेले आणि तिथं त्यांना दहा-बारा झुडपं सापडली. फुलं वाळवली तर आकार बिघडेल म्हणून त्यांनी ती गावच्या ताडीपासून गाळलेल्या दारूत, शीतपेयाच्या बाटलीत घातली आणि सुट्टीवर निघालेल्या एका अमेरिकन नर्सबाईंच्या हाती दिली. बाटली मी तळघरात उघडली. सगळ्या मजल्याला दारूचा वास सुटला आणि वरच्या सेक्रेटरीबाई जिन्यात येऊन बघून गेल्या. बशीत ओतलं तर पाच फुलं, दुधी, अख्खी. सुईनं एक चिरून भिंगाखाली धरलं. दांडी आखूड, पुंकेसर लांब. मी तिथं एकटीच हसले.

बाटलीबरोबर पत्र होतं. त्यातला मजकूर मला पाठ आहे, मी तो मराठीत देते. "मॅडम, एक विनंती. तुमचा कागद छापून झाला की ज्या पानावर माझं नाव असेल ते पान पाठवा. मी जिल्ह्याच्या वनऑफिसात नेईन. निवृत्त गार्डाचं तिथं कुणी ऐकत नाही. पण अमेरिकेत छापलेल्या कागदावर माझं आणि या नदीचं नाव शेजारी शेजारी असेल तर त्यांना ऐकावं लागेल. रस्ता थोडा वळवायचा आहे, एवढंच."

त्या काळी नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय ते ग्राह्य धरत नसत. विभागात लॅटिनची सगळ्यांना धास्ती. मला शाळेत संस्कृत होतं, विभक्त्यांची भीती नव्हती. दोन पुस्तकं घेऊन शिकले आणि वर्णन लिहिलं. पानं अशी, उपपर्ण फणीसारखं, फुलं जुन्या खोडावर, जमिनीलगत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये लिहिलं. माने वाचून म्हणाले, "अगं, हे तर मंत्रासारखं वाटतंय." मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आपल्या हातून काहीतरी जगात येतंय असं मुलीच्या वेळेनंतर प्रथमच वाटलं.

मग एका दुपारी हॅलोरन यांनी टाइप केलेला मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. लेखक, हॅलोरन. एकटेच. झुडपाला दिलेलं नाव, "एडिथे". संस्थेला नवं दालन बांधून देणाऱ्या एका गृहस्थांच्या दिवंगत पत्नी एडिथ. लॅटिनमध्येही नावाला षष्ठीचा प्रत्यय लागतो आणि वस्तू त्या माणसाची होते. एडिथचं झुडूप. त्या बाईंबद्दल माझ्या मनात काही नाही, भल्या असतील. पण त्यांनी ते झुडूप पाहिलं नव्हतं, त्याच्या काडीनं अंगण झाडलं नव्हतं. संग्राहक, हॅलोरन. तारीख, मार्चमधली. आणि शेवटी आभाराच्या तीन ओळींत, "नमुने चिकटवल्याबद्दल आणि लॅटिनसाठी मिसेस एस. माने यांचे आभार."

एकोले कुठंच नव्हते.

"नव्याने सापडलेली जात" असं वर ठळक लिहिलं होतं. कुणाला सापडलेली? ज्या झुडपाला नाव आहे, ज्याचा खराटा प्रत्येक घराच्या कोपऱ्यात उभा आहे, ते हरवलं कधी होतं? मी गाडीत बसून हे स्वतःशी पुटपुटत होते आणि शेजारच्या गृहस्थांनी आपलं वर्तमानपत्र जरा वर धरलं.

घरी येऊन मान्यांना सांगितलं. त्यांनी आधी जेवण पूर्ण केलं. मग म्हणाले, "तुझं नाव आहे ना शेवटी? इथं अशीच पद्धत असणार."

"माझ्या नावाचं म्हणत नाहीये मी."

"मग कुणाच्या? त्या माणसाला तू पाहिलं तरी आहेस का?"

"पाहिलं नाही म्हणून काय झालं? अहो, तो चार दिवस चाललाय जाऊन-येऊन. मी सांगितलं म्हणून."

"सुनंदा, नोकरी चांगली चाललीय. इथं आपल्याला कोण ओळखतं? दमानं घे."

मी ताट इतक्या जोरात सिंकमध्ये ठेवलं की मुलगी येऊन दारात उभी राहिली. "आई, आर यू मॅड अॅट बाबा?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी जपून ठेवलेले पेपर पिशवीत घालून मी हॅलोरन यांच्या खोलीत गेले. पेपर टेबलावर पसरले. म्हटलं, "हे अक्षर मिस्टर एकोले यांचं. आणि लेबलवरच्या तारखेला तुम्ही कॅमेरूनमध्ये नव्हतात. इथं होतात. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या मुलीला रंगपेटी दिली होती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सू, नमुन्यावरचा नंबर माझ्या संग्रहाच्या मालिकेतला आहे. मोहीम माझी, परवाना माझा. माणसं बदलत राहतात, मालिका चालू राहते. शंभर वर्षं असंच चाललंय."

"पण झुडूप त्यांनी शोधलं."

"झुडूप त्यांनी तोडून आणलं. ते वेगळं आहे हे तू ओळखलंस." ते हसले, अगदी मायेनं. "मला कळतंय तू का आली आहेस. आणि तुझं बरोबर आहे. आभाराची एक ओळ तुझ्या कामाला पुरेशी नाही. मी तुझं नाव सहलेखक म्हणून घालतो."

मी एकोलेंसाठी गेले होते. त्यांनी ते माझ्यासाठी ऐकलं. आणि त्या क्षणी मला म्हणता आलं असतं की आधी त्यांचं नाव घाला. वाक्य तयार होतं, व्याकरणासकट. पण माझ्या डोळ्यांपुढं माझंच नाव छापलेलं आलं, कोल्हापुरात माझ्या एम.एस्सी.च्या सरांना पाठवलेली प्रत आली, आणि माझ्या तोंडून निघालं, "थँक यू."

दोन शब्द. मी पेपर गोळा केले, पिशवीत भरले आणि जिना उतरून खाली आले. माझ्या या रागाचं मूळ हॅलोरन यांच्यात आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, स्वतःलाही. पण रागाला नीट सोलत गेलं की आत ते दोन शब्द सापडतात. पहिल्या दिवशी मी जी पेटून उठले होते, ती किती एकोलेंसाठी आणि किती "मिसेस एस. माने, चिकटवल्याबद्दल" यासाठी, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. माझी ओळ लांब झाल्याबरोबर माझा आवाज खाली गेला, एवढं मात्र खरं.

लेख पुढच्या उन्हाळ्यात छापून आला. गुळगुळीत कागद, आमची दोन नावं, मधे माझं लॅटिन. मी प्रत कॅमेरूनला पाठवली. न पाठवून कसं चाललं असतं, त्यांनी मागितली होती. सोबत चार ओळी लिहिल्या, त्यात त्यांचं नाव का नाही ते लिहिलं नाही. मला वाटलं, लॅटिन आणि तांत्रिक इंग्रजीच्या गर्दीत ते त्यांच्या लक्षात येणार नाही. असं मला खरोखर वाटलं होतं. ज्या माणसानं समासात खराटा लिहिला होता त्याच्याबद्दल.

त्यांचं उत्तर आलं तो ऑक्टोबर. पत्रपेटीपासून दारापर्यंत मेपलचा खच पडला होता आणि मुलगी त्यात उड्या मारत होती. मी अंगणात उभ्या उभ्या पाकीट फोडलं.

"प्रिय मॅडम, कागद मिळाला. छपाई सुंदर आहे. फुलाचं चित्र हुबेहूब. मी चष्मा लावून तीनदा वाचला, माझं नाव सापडलं नाही. बहुधा ते दुसऱ्या पानावर असेल आणि घाईत ते पान पाकिटात घालायचं राहिलं असेल. कृपया पाठवावं. ऑफिसात साहेब महिनाअखेरपर्यंत आहेत."

मी तिथंच पायरीवर बसले. मुलगी पानांची ओंजळ घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर टाकली, आणि मी तिच्यावर ओरडले. इतकी, की समोरच्या बाई खिडकीशी आल्या. ते तिला आठवत नाही म्हणते ती. मला आठवतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट वर आली. एम.एस्सी.ला असताना आम्ही राधानगरीला महिनाभर झाडं गोळा करत होतो. एक धनगर मामा रोज आमच्याबरोबर यायचे. कुठल्या ओढ्याला काय फुललंय, कशाच्या पानाला हात लावायचा नाही, गेळ्याच्या फळानं मासे कसे धुंद होतात, सगळं त्यांनी सांगितलं. माझ्या प्रबंधात सरांचे आभार आहेत, प्राचार्यांचे आहेत, टायपिस्टचे आहेत. मामांचे नाहीत. आणि त्यांचं नाव घालायचं म्हटलं तरी आज मला घालता येणार नाही, कारण ते मी विचारलंच नव्हतं. मामा म्हटलं की काम भागत होतं. हॅलोरन निदान जोसेफ तरी म्हणत.

सोमवारी मी कामावर गेले ती काय करायचं ते ठरवूनच. नव्या जातीचा जो मूळ नमुना असतो, ज्यावरून पुढं शंभर वर्षं लोक पडताळून बघणार, तो वेगळ्या लाल फोल्डरमध्ये ठेवतात. त्या नमुन्यावर कुणा अभ्यासकाला काही दुरुस्ती नोंदवायची असेल तर छोटी चिठ्ठी चिकटवायची, आणि एकदा चिकटवलेली चिठ्ठी कुणी काढायची नाही, असा जगभरचा शिरस्ता आहे. मी चिठ्ठी टाइप केली. "हा नमुना जोसेफ एकोले यांनी गोळा केला. झुडपाचं स्थानिक नाव आणि उपयोग त्यांच्या हस्ताक्षरात सोबत." तारीख, माझी सही. पेपरचा समास कापून पुडीत घातला, पुडी आणि चिठ्ठी दोन्ही पक्क्या डिंकानं चिकटवल्या, वर शिशाची वजनं ठेवली. चिकटवण्यात मी हुशार होते, पहिल्या मसुद्यात तसे आभारच होते. वाळेपर्यंत तिथून हलले नाही. मग संस्थेच्या फोटोग्राफरकडून त्याचा फोटो काढून घेतला, आणि वर जाऊन हॅलोरन यांना स्वतःच सांगितलं.

ते खाली आले. फोल्डर उघडून बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता. "तू मूळ नमुना विद्रूप केलास."

"दुरुस्त केलाय," मी म्हटलं. "काढायची असेल तर काढा. पण मग नियम मोडल्याचं तुम्हाला लिहावं लागेल."

त्यांनी काढली नाही. शिरस्ता पाळणारे होते ते, त्यामुळेच तर सगळं झालं. एवढंच म्हणाले की हिवाळ्यात काम कमी असतं, पुढच्या आठवड्यापासून माझी गरज पडणार नाही. मी डबा आणि ऑफिसात ठेवलेली चप्पल पिशवीत घातली. बाहेर पहिल्या थंडीचा वारा सुटला होता आणि रस्त्याच्या कडेला पालिकेची माणसं मोठ्या नळीनं पानं ओढून ट्रकमध्ये भरत होती. दोन दिवसांनी माने म्हणाले, "मी 'पाहिलं तरी आहेस का' असं म्हणायला नको होतं."

एकोलेंना मी पाच पानी पत्र लिहिलं. सगळं. थँक यूसुद्धा. सोबत फोटो. उत्तर यायला जानेवारी उजाडला. साहेबांनी फोटो बघितला होता आणि विचारलं होतं की हे छापलेलं आहे का. नाही म्हटल्यावर परत दिला. रस्ता नदीपर्यंत पोचला होता, आता पूल होणार होता. एकोलेंनी पलीकडे जाऊन एक झुडूप मुळासकट आणून घराच्या मागं लावलं होतं. "मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," त्यांनी लिहिलं होतं. "मी रागावलेलो नाही. मी अशा पुष्कळ कागदांसाठी चाललो आहे."

ते झुडूप जगलं की नाही हे त्यांनी पुढं कळवलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. दोन नाताळांना कार्डं आली, मग बंद झाली. रागावलेलो नाही असं त्यांनी लिहिलं म्हणून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. त्यांच्या वाट्याचा पण मलाच करावा लागणार, असं काहीतरी झालं. पुढं मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. सहलीला नेलं की मुलांना आधी वाट दाखवणाऱ्याचं नाव लिहायला लावायची, आडनावासकट, स्पेलिंग विचारून. मुलांना ती माझी सनक वाटायची. त्यानं कुठल्याही नदीवरचा पूल मागं घेतला गेला नाही, हे मला माहीत आहे.

ध्यानाच्या बाई म्हणाल्या होत्या, सोडून द्या. कुणासाठी सोडून देऊ? मी सोडलं तर त्या माणसावर रागावलेलं, म्हणजे त्याच्या बाजूनं रागावलेलं, या देशात दुसरं कोण आहे?

त्याच वर्षीची दिवाळी. नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. मराठी मंडळाचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे उशिरा, नोव्हेंबरच्या एका शनिवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, आत बायका पैठण्यांवर जाड कोट घालून बसल्या होत्या. छापलेल्या लेखाची बातमी कुणीतरी मंडळाच्या अध्यक्षांना सांगितली होती. ते पुण्याचे, पेशानं डॉक्टर, बोलायला मोठे गोड. मला काही कल्पना न देता त्यांनी स्टेजवर बोलावलं. मान्यांनी कोपरानं ढोसलं, "जा ना, लोक बघतायत." खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आपल्या सुनंदाताईंनी आफ्रिकेतल्या एका वनस्पतीचा शोध लावला आहे. मराठी पाऊल कुठवर पोचलं बघा."

टाळ्या झाल्या. मी माइक मागून घेतला. नारळ काखेत धरावा लागला. मी म्हटलं, "तो शोध मी लावलेला नाही. ते झुडूप कॅमेरूनच्या जोसेफ एकोले नावाच्या गृहस्थांनी दाखवलं. त्यांच्या गावाला ते आधीपासून माहीत होतं. त्यांचं नाव लेखात नाही, आणि ते नाही यात माझाही हात आहे."

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला.

अध्यक्षांनी माइक हळूच माझ्या हातातून घेतला. "बघा," ते सभागृहाकडे वळून म्हणाले, "एवढं मोठं काम, आणि केवढा हा विनय."

आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा कितीतरी जास्त.